चुणीमावशीची मुरड

माझ्या शिलाईच्या दुकानासमोर हाताने ओढलेल्या नूडल्सचं हॉटेल आहे. दर बुधवारी दुपारी मी मशीन झाकते आणि रस्ता ओलांडून तिथे जेवायला जाते. दाराशीच काचेमागे मालक उभा असतो. मैद्याचा दोर दोन्ही हातांत धरून तो ओट्यावर आपटतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करता करता त्याच्या बोटांतून सुतासारख्या नूडल्स लोंबायला लागतात. येणारेजाणारे थांबून बघतात. त्याच्या मागे उंच खुर्चीवर बसून डम्पलिंग वळणारी त्याची थोरली बहीण मात्र कोणाच्या नजरेत भरायची नाही.

तिला सगळी गल्ली चुणीमावशी म्हणते. तिचे वडील एका चिनी आचाऱ्याच्या हाताखाली हे काम शिकले आणि त्यांनी दोन्ही मुलांना शिकवलं. आई लवकर गेली, तेव्हा भाऊ पाच वर्षांचा होता. त्याला हिनेच न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं. पुढे तिचं लग्न झालं, पण दोन वर्षांतच नवरा वारला आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली. आल्या दिवशी त्या खुर्चीवर बसली, ती चाळीस वर्षं उठली नाही.

डम्पलिंग म्हणजे पातळ पारीत सारण भरून, तोंड मिटवून वाफवायचं. आत काय आहे ते एकदा मिटल्यावर दिसत नाही. म्हणून मावशीच्या तीन मुरडी ठरलेल्या. भाजीचं असेल तर वर गोल गाठ, कोंबडीचं असेल तर अर्धचंद्र आणि त्याला बारीक चुण्या, कोळंबीचं असेल तर मधोमध वेणी. वाढणारी बाई आकार बघूनच टोपली भरते.

"माणसांच्या पोटातलं कळत नाही," मावशी म्हणायची, "निदान यांच्या तरी पोटातलं अंगावर दिसू दे."

मला नेहमी गोल गाठ. नवऱ्याचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मी देवापुढे मांसमच्छी सोडली. तो चालत घरी आला. त्याला आता नऊ वर्षं झाली. अजून टोमणे मारतो, "देवाने माझी किंमत एका कोंबडीएवढी लावली." मारू दे. टोमणे मारायला आहे, एवढं मला पुरतं.

गेल्या वर्षी एका बुधवारी माझी टोपली आली. सहाही डम्पलिंगना गोल गाठ. पहिलं तोंडात घातलं, चावलं, आणि जिभेला कोंबडीचा खिमा लागला. मावशी काचेआडून माझ्याचकडे बघत होती. कशी झालीत, असं तिने हाताने विचारलं. मी रुमाल काढायला हवा होता. पण तिच्यासमोर थुंकणं माझ्याने झालं नाही. घास गिळला आणि मान हलवली. मनातल्या मनात देवाला म्हटलं, हे माझ्या खात्यावर धर, नवऱ्याच्या नको.

मग दुसरं चमच्याने फोडलं, तर कोळंबी. तिसऱ्यात भाजी.

मी टोपली घेऊन तिच्यापाशी गेले. "मावशी, जरा बघता का?"

"काय झालं, मीठ कमी?" तिने वाकून पाहिलं. फोडलेलं डम्पलिंग बोटाने उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. हसू चेहऱ्यावरून हळूहळू उतरलं.

"हे मी वळलंय?"

"गाठ तर तुमचीच आहे."

तिने टोपली पदराआड केल्यासारखी मांडीवर ओढली. भाऊ दोन हातांवर मैद्याचा दोर पिळत होता, त्याचं लक्ष नव्हतं. "महिनाभर होतंय गं," ती हळू बोलली. "हात चालतात. पण समोरच्या भांड्यात कोणतं सारण आहे ते बोटांपर्यंत पोचेतो विसरायला होतं. त्याला सांगू नकोस. या खुर्चीवरून उठवलं तर मी कुठे बसू?"

"डॉक्टरांकडे चला माझ्याबरोबर."

"जाऊ. आधी एका वेळी एकच भांडं पुढ्यात घेईन. मग कशाला चुकतंय? तू फक्त बोलू नकोस, टेलरबाई."

मी बोलले नाही. ते चूक होतं हे मला तेव्हाही कळत होतं. आठवडाभर देवापुढे दिवा लावताना तिचं नाव घेत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

पुढच्या बुधवारी माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई आणि तिची सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. बाईने वाढणारीला विचारलं, "यात कोळंबी नाही ना? हिचा घसा सुजतो, श्वास अडकतो."

"गोल गाठ म्हणजे भाजी," वाढणारी म्हणाली. "आमच्या मावशींची मुरड चुकत नाही."

मी काचेकडे पाहिलं. मावशीच्या पुढ्यात तिन्ही भांडी उघडी होती.

मुलीने डम्पलिंग उचललं. मी उठले. "बाळ, थांब. ते खाऊ नकोस."

मालक पिठाच्या हातांनी बाहेर आला. "काय झालं टेलरताई?"

मावशीकडे न बघता मी गेल्या बुधवारचं सांगितलं. त्याचा चेहरा आक्रसला. तिथेच उभ्या उभ्या त्याने मुलीच्या टोपलीतली सहाही डम्पलिंग फोडली. सहाच्या सहा भाजीची.

"बघा," तो म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं दिसत होतं, आणि माझा रागही आलेला. "ताईचा हात आहे हा. चाळीस वर्षांत एक तक्रार नाही. उगाच भर हॉटेलात तिला..."

मुलीची आई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. मावशी तेव्हा गप्प राहिली असती तर तिची खुर्ची वाचली असती.

ती खाली उतरली. पुढ्यातलं ताट उचलून तिने भावासमोर धरलं. सगळी गोल गाठीची, अजून कच्ची.

"हीपण फोड."

"ताई, कशाला?"

"फोड म्हणते ना."

पहिल्यात कोळंबी निघाली. दुसऱ्यातही. तिसरं त्याने फोडलं नाही. चमचा हातात धरून तो बहिणीकडे बघत राहिला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी तिने हात सोडल्यावर असाच बघत असेल.

"टेलरबाई खोटं बोलत नाही रे," मावशी म्हणाली आणि एप्रन सोडायला लागली. मागची गाठ तिला सुटेना. शेवटी ती मीच सोडली.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या चालू आहेत. हे मागे फिरणारं दुखणं नाही, असं डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं. खुर्चीवर आता दुसरी बाई बसते आणि प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी असते. मावशी माझ्याच टेबलावर, खिडकीपाशी. भाऊ तिच्यापुढे नुसत्या पाऱ्या ठेवतो, सारण नाही. ती दुपारभर रिकामी डम्पलिंग वळते. तो ती मुकाट्याने वाफवून आणतो. दर बुधवारी ती मला विचारते, "तू सांग ना त्याला, मला परत खुर्चीवर बसव म्हणून. तुझं ऐकतो तो." आणि मी म्हणते, "सांगते." मागच्या बुधवारीही तेच म्हटलं.

त्या दिवशी तिने टोपलीतून एक उचलून माझ्या ताटलीत ठेवलं. "हे तुझं. भाजीचं."

मधोमध वेणी होती. मी ते तोंडात घातलं.

"कसं झालंय?"

"छान," मी म्हटलं. तिने दुसरं ठेवलं.