बयाक्का आणि नैरोबीची फांदी

कोणीही समोर आलं की बयाक्का आधी त्याच्या घरातली मेलेली माणसं सांगत. जिवंतांची विचारपूस नंतर, वेळ उरला तर. नवरदेव पाया पडायला आला तर त्याला, "तुझा आजा ह्याच म्हयन्यात गेला, हगवणीनं," असं ऐकून उठावं लागे. आशीर्वाद वेगळा मिळत नसे.

माझी पहिली भेट माझ्या लग्नानंतरच्या आठवड्यात झाली. निरगुडसरजवळ, नदीच्या काठाला आमची वाडी. बयाक्का माझ्या सासऱ्यांची चुलती. सगळ्या भावकीत वयाने मोठी, म्हणून मला त्यांच्या ओट्यावर नेलं. त्यांनी मला बापाचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, पणजोबांचं विचारलं. पणजोबांपाशी मी अडखळले.

"शिक्षान काय झालंय हिचं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"बी.कॉम."

"चार पिढ्या मोजता येत न्हाईत आन् बी.कॉम.!"

तेव्हापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए बी.कॉम." एवढंच.

मी तालुक्यातल्या एका हायस्कुलात कारकून आहे. शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असतं. नव्वदनंतर दाखल्यांची गरज वाढली. मुंबई-पुण्याला जाऊन दोन-तीन पिढ्या झालेली माणसं आजोबांची नोंद शोधत यायची. कोणाला आजोबाचं आडनाव ठाऊक नसायचं, कोणाला गाव. माझ्या रजिस्टरात एक जन्मतारीख, तालुक्याच्या दप्तरात दुसरी, आणि घरचे लोक तिसरीच सांगायचे. अशा वेळी मी माणूस घेऊन बयाक्कांकडे जायचे.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळी भावकी त्यांच्या डोक्यात पितृपक्षाच्या क्रमाने बसलेली होती. कोणत्या तिथीला कोणाचं पान वाढायचं, त्यावरून कोण कधी गेलं, कोणाच्या आधी गेलं, हे त्या सांगत. पान आहे तर माणूस मेलेला. पान नाही तर कुठेतरी जिवंत. मी वही घेऊन समोर बसायचे आणि रेघा ओढायचे. सहा वर्षांत आमच्या आणि शेजारच्या दोन गावांच्या मिळून चौतीस वंशावळी मी अशा लिहून काढल्या.

सांगण्यात मात्र दया नव्हती. पिंपरीहून एक गृहस्थ चांगली मोटार घेऊन आले. आजोबा पलटणीत सुभेदार होते, एवढीच त्यांची घरची माहिती.

"सुभेदार?" बयाक्का म्हणाल्या. "देवळाची घंटा घेऊन पळाला त्यो. पलटन त्याच्या मागं लागली आसंल, त्यो पलटनीत न्हवता."

गृहस्थांच्या बायकोला हसू आवरेना. गृहस्थ चहा न घेता गेले.

"बरोबर आहे का हे, अक्का?" मी विचारलं.

"घंटा आजून न्हाई देवळात. जाऊन बग."

एकदा आमच्याच घराची वंशावळ लिहीत होते. माझ्या नवऱ्याच्या नावापर्यंत आले आणि पुढच्या पिढीसाठी खाली चार बोटं जागा सोडली. बयाक्कांनी वहीवर बोट ठेवलं. "हितं जागा कशाला सोडतीस? कागद वाया." तेव्हा माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मी ती जागा दुसऱ्या नावाने भरली. पुढे त्यांचंच खरं झालं, त्यामुळे कागद वाया गेला नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी शाळेच्या पत्त्यावर नैरोबीहून एक पाकीट आलं. हेडमास्तरांनी ते माझ्या टेबलावर टाकलं. सुरेश नावाच्या माणसाचं पत्र होतं, देवनागरीत पण हिंदीत. त्याचे आजोबा तिकडच्या रेल्वेत फिटर होते. पेन्शनच्या कागदावर नाव 'रखमा भिमा', गाव 'निरगुरसर', जिल्हा पूना, शिक्षण चौथी. त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली. आता सुरेशचे वडील आजारी होते, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. त्यांची एकच इच्छा होती. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याखाली आपलं नाव लागावं, ते डोळ्यांनी वाचावं, मग मरावं.

बयाक्कांच्या नवऱ्याचं नाव रखमाजी होतं. सासऱ्याचं भिवाजी. पण रखमाजी ऐन तारुण्यात गेला, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. बयाक्का दर पितृपक्षात त्याचं पान वाढत.

मी कामाला लागले. एका कागदावर चार रकाने आखले. गावच्या प्राथमिक शाळेचं जुनं रजिस्टर मोडीत होतं. जुन्नरला एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात, त्यांच्याकडून उतरवून घेतलं. रखमाजी चौथीपर्यंत शिकला होता, पण वय पेन्शनच्या कागदाहून सहा वर्षांनी कमी. ते मला चालण्यासारखं होतं. नोकरीसाठी वय वाढवून सांगणारे मी पुष्कळ पाहिले होते. भिवाचा भिमा होणंही चालण्यासारखं होतं. चालण्यासारखी नव्हती ती कोतवालाची मृत्यूची नोंद. रखमाजी भिवाजी, मयत, कारण ताप. आणि सुरेशच्या वडिलांचा जन्म त्या नोंदीनंतर तीन वर्षांनी नैरोबीला.

म्हणजे एक तर हा रखमाजी वेगळा, नाहीतर नोंद खोटी.

त्या दिवाळीत सुरेश स्वतः आला. तिशी-पस्तिशीचा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हिंदी-गुजराती. आजी कच्छी होती. पण मध्येच एखादं वाक्य आमच्या सासऱ्यांच्या तोंडचं निघे: "लई लांब हाय वो." आजोबांकडून एवढंच उचललं होतं. मी त्याला नाशिकला घेऊन गेले. उपाध्यायांनी वही काढली, पान सापडलं. रखमाजीच्या नावापुढे 'मयत', खाली धाकट्या भावाची सही. म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांची.

उपाध्याय सरळ माणूस होते. "मयताच्या नावाखाली नवी फांदी मी माझ्या मनाने लावत नाही. घरातलं सगळ्यांत वडीलधारं कोण आहे? त्यांचा अंगठा आणा, दोन मिनिटांत लिहितो."

सगळ्यांत वडीलधाऱ्या बयाक्का होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर गेलो. त्या सुपात हुलगे निवडत होत्या. सुरेशने पाया पडून फोटो पुढे केला. टोपी घातलेला, मिशाळ माणूस खुर्चीत बसलेला, डाव्या हाताची करंगळी अर्ध्यावर तुटलेली.

बयाक्कांनी फोटो हातात घेतला आणि पालथा करून सुपाशेजारी ठेवला. "मला दिसत न्हाई."

चष्म्याशिवाय त्या हुलग्यातला खडा वेचत होत्या.

"आजी," सुरेश म्हणाला, "ये मेरे दादा हैं. रखमाजी. आपके..."

"माझा नवरा मेला. गावात कुनालाबी इचार."

"आजी, मुझे जमीन नहीं चाहिए, कुछ नहीं चाहिए. बस अंगूठा. मेरे बाप के पास टाइम नहीं है."

"माझ्याकडं तरी कुटं हाय?" त्यांनी खडा अंगणात फेकला. "बघू कोन आदी जातंय. मी आदी गेले तर घाला नाव. मी जित्ती हाय तवर न्हाई."

माझे सासरे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. जमीन नको म्हणणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

सुरेश आणखी दोन दिवस राहिला. रोज सकाळी ओट्यावर जायचा. बयाक्का त्याला भाकरी-कालवण वाढायच्या, पोटभर खाऊ घालायच्या आणि म्हणायच्या, "जेव, पावनं. लांब जायाचंय." तिसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने परत गेला.

तो गेल्यावर मी चार रकान्यांचा कागद घेऊन बयाक्कांसमोर बसले. नोंद खोटी आहे असं मी सरळ म्हणाले. मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "मग? खोटीच हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, हुलगे निवडता निवडताच. रखमाजी मुंबईला गोदीत गेला आणि तिथून बोटीने. काही वर्षं खबर नाही. मग एक पत्र आलं. घरात त्या एकट्याच होत्या. त्यांनी ते पदराखाली घालून दुसऱ्या गावच्या मास्तराकडून वाचून घेतलं. 'मी इकडे घर केलं आहे. तू माहेरी जा.'

"पत्राचं काय केलंत?"

"चुलीत."

"आणि घरी?"

"घरी काय सांगायचं? टाकलेली बाई घरात ठिवत न्हाईत, बी.कॉम. माहेराला धाडत्यात. माझ्या माहेरी भावजया व्हत्या, चार. रांडव झालेली बाई मातर घरात ऱ्हाती. तिला कोपरा मिळतो, भाकर मिळती, म्हातारपनी मान मिळतो." त्यांनी सूप पाखडलं. "बारा वरसं भरली तवा मी सासऱ्याला म्हनले, त्ये माझ्या सपनात आले, वल्ल्या कापडानं. म्हनले, मला पानी द्या. सासरा लई रडला."

बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याला आमच्याकडे मेलेला धरतात. पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. नदीवर तसं झालं. धाकट्या भावाने अग्नी दिला. कोतवाल नोंद घ्यायला आला, कशाने गेला म्हणाला. घरात कोणाला काही सुचेना. बयाक्का आतून म्हणाल्या, "तापानं."

"बांगड्या कुनाला फोडू दिल्या न्हाईत. माझ्या मी फोडल्या. तुला काय वाटलं, रडत फोडल्या?"

म्हणजे तीस-पस्तीस वर्षं नैरोबीत जिवंत असलेल्या माणसाचं पान ही बाई दर भाद्रपदात कावळ्यांना वाढत होती.

"एकदा तरी वाटलं नाही का, अक्का, खरं सांगून टाकावं?"

"खरं सांगून मला कोन भाकर घालनार व्हतं? आता अंगठा दिला की साठ वरसांची रांडव एका दिसात टाकलेली व्हईल. मरायच्या वक्ताला कशाला?"

मी कागदाची घडी घातली आणि उठले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बयाक्कांनी अंथरूण धरलं. नैरोबीहून मधूनमधून फोन येई. सुरेशच्या वडिलांचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रावर धूत होते. तो फोनवर बयाक्कांची तब्येत विचारायचा. मला आधी त्यात माया वाटली. मग लक्षात आलं, तो शर्यत मोजतोय. त्याचा दोष नव्हता, शर्यत बयाक्कांनीच लावली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी मी पाणी पाजायला गेले होते. त्यांनी माझं मनगट धरलं. हात हलका झाला होता, पकड तीच होती.

"बी.कॉम., वही आन."

"कशाला, अक्का?"

"त्या पोराच्या बापाचं नाव घाल. मी आदी चालले. मी म्हनले व्हते तसं." थोडा दम घेऊन म्हणाल्या, "रखमाजीच्या खाली घाल. थोरला म्हनून घाल. आन् तुज्या सासऱ्याला सांग, बयानं सांगितलंय."

चार वाजता त्या गेल्या.

तेराव्यानंतर सासऱ्यांनी मला बोलावलं. बयाक्कांच्या नावावर असलेल्या हिश्श्याची वारस नोंद करायची होती. तलाठ्याला वंशावळ प्रतिज्ञापत्रावर हवी होती. भावकीत वंशावळ लिहायची म्हणजे माझंच काम. मी बयाक्कांचा निरोप त्यांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं.

"नाशिकच्या वहीत नाव लागलं की उद्या त्ये नाव सातबाऱ्यावर लागंल," ते म्हणाले. "म्हातारी मरताना काय बोलली, त्ये तू एकटीनं ऐकलंस. आनखी कुनी ऐकलंय?"

"नाही."

"मग लिव."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी लिहिलं. रखमाजी भिवाजी, मयत. पत्नी बयाबाई रखमाजी, मयत. त्यांच्यापुढे, माझ्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात: निःसंतान.

आयुष्यभर लोकांच्या वर्मावर बोट ठेवणाऱ्या, पोटासाठी जिवंत नवरा जाळून टाकणाऱ्या त्या बाईने दिलेला शब्द पाळला. आम्ही सभ्य माणसं होतो, आम्हाला भाकरीची ददात नव्हती.

आठवड्याने शाळेत फोन आला. बयाक्का गेल्याचं मी सुरेशला सांगितलं. त्याने अगदी जपून विचारलं, "ताई, आजी जाते वक्त कुछ बोलीं क्या? हमारे बारे में?"

"नाही," मी म्हणाले. "काही बोलल्या नाहीत."

"अच्छा." तिकडे कोणीतरी फोन मागत होतं. "ताई, एक मिनट. बाबा को बात करनी है. कहते हैं, घरवालों की आवाज़ सुननी है."

खरखर झाली. धाप लागलेला, म्हाताऱ्यासारखा आवाज आला. ज्याने हे गाव कधी पाहिलं नव्हतं तो माणूस थेट माझ्या सासऱ्यांच्या बोलीत म्हणाला, "मी रखमाजीचा थोरला बोलतुया. घरचं कोन हाय का तितं?"

समोर रजिस्टर उघडं होतं. बाजूला दाखल्यासाठी दोन मुलं उभी होती.

"नाही," मी म्हणाले. "मी शाळेतली कारकून बोलतेय."