हवेच्या खोलीतली सरपंच

सरपंच कुठल्याही झाडाजवळून नुसती पुढे जात नसे. चालता चालता हात लांब करून एखादं पान धरायचं, अंगठ्यानं पुसायचं आणि तो अंगठा माझ्या नाकासमोर आणायचा. "बघ छावणी, किती धूळ बसलीय!" मग तो धुळीचा अंगठा ती बिनदिक्कत ओढणीला पुसायची, कधी स्वतःच्या, कधी माझ्या. तिची ओढणी कायम मळकी, माझी कडक इस्त्रीची. तरीही विद्यापीठातल्या आमच्या विभागात आलेला प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तिच्याशी बोलायला जायचा. हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही समजत नाही.

ती विद्यापीठात संशोधनाला आली ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मुलींच्या हॉस्टेलचे नळ कोरडे पडले होते आणि टँकर आला की बादल्यांची झोंबाझोंबी व्हायची. ही नवीन आलेली मुलगी एके दिवशी टँकरच्या पायरीवर चढली आणि ओरडली, "परीक्षावाल्या पुढं, आजारी त्यांच्या मागं, आन् ज्यांना नुसते केस धुवायचेत त्या सगळ्यात शेवटी!" मुली हसल्या आणि गुपचूप रांगेत उभ्या राहिल्या. तेव्हापासून ती सरपंच. मी घरून ये-जा करत असल्यानं हा प्रकार पाहिला नाही, पण हॉस्टेलच्या प्रत्येक मुलीनं तो मला कौतुकानं सांगितला. ऐकताना माझ्या मनात एकच यायचं, की मी त्या पायरीवर चढले असते तर कुणी वर तरी बघितलं असतं का?

तिचं घर लासूर स्टेशनचं. वडिलांची शेती आणि मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचं दुकान. माझं घर शहरातच, छावणी भागात. आमच्याकडे आजोबा कारकून, वडील कारकून. सगळे हळू बोलणारे, अक्षर मात्र मोत्यासारखं. तिनं पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं, लगेच विसरली आणि मला छावणी म्हणू लागली. मी तिला सरपंच म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. ते आठवडाभर टिकलं असेल.

आमची खोली विभागाच्या अगदी टोकाला होती. शहराच्या हवेचा अंदाज संगणकावर बांधायचं काम तिथं चालायचं, म्हणून सगळे तिला हवेची खोली म्हणत. शहर आणि आसपासचा मुलूख नकाशावर चौकोनांत कापलेला असायचा: हा चौकोन शेताचा, हा घरांचा, हा माळाचा. कारखान्यांतून आणि गाड्यांतून किती धूर निघतो ते त्यात घालायचं, वाऱ्याचे आकडे घालायचे आणि उद्याची हवा कशी असेल ते काढायचं. हे मॉडेल मी तिच्या आधीपासून चालवत होते. ते कुठं अडतं, कुठं रुसतं हे मला तळहातासारखं माहीत होतं.

आमचे मार्गदर्शक सर बोलणाऱ्याकडे कधी बघत नसत. खिडकीबाहेर नजर लावून ऐकायचे. पहिल्या बैठकीत सरपंच म्हणाली, "सर, धूर कुठून निघतो हे सगळेच विचारतात. जातो कुठं, ते कोण विचारणार? पाऊस नाय, तरी हवेतली घाण खाली बसतीच की. मातीवर बसती, भिंतीवर बसती. पानं तर काही वायू आत ओढून घेतात. भुई किती गिळती ते आपण नीट मोजलंय का?" सरांनी खुर्ची वळवली. पूर्ण वळवली, तिच्याकडे तोंड करून. त्या खुर्चीचा कर्र असा आवाज झाला. मी त्या खोलीत इतके दिवस काढले होते, पण माझ्यासाठी ती खुर्ची कधी वाजली नव्हती.

त्या उन्हाळ्यात आमचं गणित सतत चुकत होतं. गच्चीवरचं यंत्र दुपारी ओझोन जास्त दाखवायचं आणि आमचं मॉडेल कमी. जमिनीलगतचा ओझोन छातीला वाईट. तो अंदाजात कमी दिसला तर दम्याच्या माणसाला आपण बाहेर जा म्हणून सांगतो, असं सर चिडून म्हणत. मी गाड्यांचा धूर वाढवून पाहिला, वारा बदलून पाहिला, रविवारीही येऊन बसले. सरपंच बाकावर मांडी घालून शेंगदाणे खात माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "ऊठ. बिडकीनला जाऊ."

भर दुपारी तिच्या स्कूटरवर बसून आम्ही निघालो. बिडकीनच्या अलीकडे रस्त्याकडेला नव्या औद्योगिक वसाहतीसाठी आखणीचे दगड रोवलेले होते. तिनं स्कूटर थांबवली. "तुझ्या नकाशात इथं काय आहे?" मी म्हणाले, "ओलिताची शेती." तिनं नुसतं बोट दाखवलं. समोर उघडी ढेकळं होती आणि त्यांच्यावरून धुळीची एक वावटळ फिरत चालली होती. थोडं पुढे एक मोसंबीची बाग अजून तग धरून होती. सरपंचनं एक पान वाकवून मला दाखवलं. पान आत वळून सुरळी झालं होतं.

"तोंड मिटून बसलंय बघ," ती म्हणाली. "पाणी जाईल म्हणून त्यानं सगळी छिद्रं बंद केलीत. आता ते ओझोन कसा घेईल? आन् आपलं मॉडेल समजतंय, की हे झाड मजेत श्वास घेतंय."

पानांना छिद्रं असतात, ती पाणी कमी पडलं की मिटतात, हे मी शाळेपासून शिकले होते. ती समीकरणं माझ्या टेबलावर होती. तरी त्या बागेत उभी राहून मला रडू येईल इतका तिचा राग आला. तिला हे सुचलं होतं शेंगदाणे खाता खाता.

परत आल्यावर तिनं स्वतः प्रोग्राम लिहायला घेतला. तिचा प्रोग्राम म्हणजे आठवडी बाजार. काय कुठं ठेवलंय ते तिचं तिलाच सापडेना. शेवटी मीच बसले. दुष्काळातले चौकोन नव्यानं रंगवले, हिरवे होते ते उघडे केले, मातीतला ओलावा घटला की पानांची छिद्रं मिटत जातील अशी व्यवस्था केली. ज्या दिवशी यंत्राची रेघ आणि आमची रेघ पडद्यावर जवळजवळ एकमेकींवर पडल्या, त्या दिवशी सरपंचनं मला मिठी मारून अशी आरोळी ठोकली की सर धावत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. म्हणाले, "शाब्बास, सरपंच!"

त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी चहा तसाच ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. "जळतीस ना माझ्यावर?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "हो." खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "जळ की मग. फक्त धूर करू नको बाई, आधीच लई झालाय." आणि माझा गार झालेला चहा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं की अर्धं श्रेय छावणीचं. ते तिनं इतक्या सहज दिलं की मला घ्यावंसं वाटेना.

शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत सुटलं होतं. बिडकीनच्या नव्या वसाहतीशेजारी घरं आणि एक शाळा बांधायची होती. मधे झाडांचा पट्टा लावला की तो सगळा धूर शोषून घेईल, असं आराखड्यात लिहिलेलं होतं. सरांनी आम्हा दोघींना त्या आराखड्यावरच्या सरकारी बैठकीला पाठवलं. मी आलेख दाखवले, सावकाश, मुद्देसूद. साहेब लोक मोबाईल बघत होते. मग सरपंच उठली. "साहेब, एप्रिलमधे दुपारी घराच्या खिडक्या उघड्या ठेवता का तुम्ही?" मुख्य साहेब म्हणाले, "छे!" "झाडं पण नाय ठेवत साहेब. पाऊसपाणी असेल तवा हा पट्टा काम करील. दुष्काळात ती झाडंच तहानलेली असतील आन् पोरं तिकडं पटांगणात खेळत असतील. वारा वसाहतीवरून शाळेकडं येतोय." सगळ्यांनी मोबाईल खाली ठेवले. नंतर शाळेची जागा बदलून वाऱ्याच्या उलट अंगाला नेली. ती शाळा आज तिथं भरते. माझे आलेख होते म्हणून ती हलली, हे मला माहीत आहे. पण तिथल्या माणसांना आठवते ती खिडक्यांबद्दल विचारणारी बाई.

मग विभागात शिकवायची एक जागा निघाली. एकच. आम्ही दोघींनी मुलाखत दिली. निवड तिची झाली. मी प्रतीक्षा यादीत पहिली. माझ्या आईनं देवापुढे ठेवलेला पेढा कुणाला न देता तसाच ठेवला. तेवढ्यात लासूरहून फोन आला. सरपंचच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. ती गेली. काही दिवसांनी तिनं जागा नको असल्याचं कळवलं आणि माझी नेमणूक झाली.

सगळे हळहळले. मीही हळहळले, आणि खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं. निदान आता तिची कीव करता येणार होती. बिचारी, घरासाठी सगळं सोडावं लागलं. पण हे सुखही फार टिकलं नाही. वडील फिजिओथेरपीनं हिंडूफिरू लागले, गाळ्यावर येऊन बसू लागले, आणि ही तरीही परत आली नाही. सरांनी दुसऱ्या एका प्रकल्पावर बोलावलं, तिनं नाही म्हटलं.

राहवेना म्हणून मी लासूरला गेले. मोंढ्यात मक्याच्या ढिगाशेजारी उभी राहून ती दोन व्यापाऱ्यांना एकाच वेळी झापत होती आणि ते दोघंही हसत होते. मला बघून तिनं तिथूनच हाक मारली, "अगं छावणी!" सगळा मोंढा वळून बघायला लागला. गाळ्यात नेऊन तिनं मला गादीवर बसवलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला.

मी विचारलं, "वडील तर बरे झाले. मग का नाही येत?"

"इथं मला लई करमतं गं," ती म्हणाली.

"एवढं सगळं टाकून? तुला जे सुचायचं, ते मला आयुष्यभर बसूनही सुचणार नाही."

"व्हय, सुचायचं. पण तुझ्यासारखं रोज बसवत नव्हतं मला त्या खोलीत. सुचलं की माझं मन उडायचं."

हे तिनं तक्रारीसारखं नव्हे, मोकळेपणानं सांगितलं. मी भाकरीचा तुकडा मोडला. मग जे विचारायलाच मी आले होते ते विचारलं. "माझा कधी हेवा वाटला तुला? जागा मला मिळाली तेव्हा?"

तिनं खरोखर विचार केला. मला बरं वाटावं म्हणून ती काहीही म्हणू शकली असती. "नाय," ती म्हणाली. "हेवा नाय वाटला कधी. भरवसा होता तुझा. तू तिथं हायेस म्हणून तर सोडता आलं. दुसरी कुणी असती तर माझी पानं पुन्हा हिरवी करून बसली असती."

मी उरलेली भाकरी संपवली.

आज मी तीच खोली चालवते. पाऊस लांबला की चौकोन कसे उघडे करायचे ते नव्या मुलांना शिकवते आणि ही कल्पना कुणाची ते नावानिशी सांगते. सांगताना दरवेळी माझा आवाज जरा चढतो. ते प्रेम असेल असं मुलांना वाटतं. असेलही थोडं.

लासूरला गेले त्या दिवशी ती मला गाडीवर पोचवायला स्टेशनात आली. खिडकीतून एक गाठोडं आत ढकललं, शेंगा असाव्यात. गाडी हलली तसा मी हात वर केला. पण तोवर फलाटावरच्या एका म्हाताऱ्या हमालानं तिला काहीतरी विचारलं होतं, आणि ती माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात हवेत नाचवत, त्याला जीव तोडून काहीतरी समजावून सांगत होती. तो मान वर करून ऐकत होता. गाडीनं वळण घेईपर्यंत मी त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले. इतका हेवा मला आयुष्यात कुणाचा, अगदी तिचाही, वाटला नाही.