लायक आणि नालायक

पंजाबराव बत्तीस वर्षं वाशीम-पुसद एसटी गाडीवर ड्रायव्हर होते. या बत्तीस वर्षांत म्हशी, बैलगाड्या, लग्नाच्या वराती, एवढंच काय, भर रस्त्यात भरलेली एक अख्खी प्रचारसभा चुकवून त्यांनी गाडी वेळेवर आणली. रिटायर झाल्यावर समोरून आलेला मोकळा वेळ मात्र त्यांना चुकवता आला नाही. अनसिंगच्या घरी ते पहाटे आंघोळ करून, भांग पाडून तयार होत, आणि सव्वासहाला त्यांच्या लक्षात येई की आपल्याला कुठंच जायचं नाही. मग ते स्वयंपाकघरात जात.

तिथं त्यांची बायको भागिरथाबाई असत. पंजाबराव त्यांना भाकरी कोणत्या बाजूनं उलटवायची ते सांगत. गॅस चढावर मोठा आणि उतारावर बारीक करावा, असं काहीसं त्यांचं म्हणणं असे. कुकरची चौथी शिट्टी झाली की इंजिन तापल्यासारखे पाणी घेऊन धावत. भागिरथाबाईंनी हे पंधरा दिवस सोसलं. सोळाव्या दिवशी बुद्धविहारात संध्याकाळचा इंग्रजीचा फुकट वर्ग सुरू झाल्याचं कळताच त्यांनी स्वतः जाऊन नवऱ्याचं नाव नोंदवलं. इंग्रजीचं त्यांना काही कौतुक नव्हतं. रोज एक तास स्वयंपाकघर मोकळं मिळणार होतं.

वर्ग घ्यायच्या रीता मॅडम. मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या, नुकत्याच बी.एड. झालेल्या, वय तेवीस. सगळ्यांना काका-काकू म्हणत आणि सगळ्यांना पहिलीतल्या पोरांसारखं रागवत. पहिला धडा होता मोकळ्या वेळात काय आवडतं आणि काय आवडत नाही, हा. पंजाबरावांच्या डोक्यात ‘लाइक’ काही केल्या बसेना. शेवटी त्यांनी ओळखीच्या शब्दाची खूण बांधली: आवडतं ते लायक. आणि ‘डोन्ट लाइक’पाशी जीभ अडखळायला लागली, तेव्हा तिथं ‘नालायक’ आपण होऊन येऊन बसला.

“आय लायक टी,” पंजाबराव उभं राहून म्हणाले. “आय नालायक शेपूची भाजी.”

रीता मॅडमनी तीनदा सुधारून दिलं. चौथ्यांदा त्यांनाच हसू आवरेना, म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. तुमच्या मिसेसना फ्री टाइम असतो का?

“यस मॅडम. फुल फ्री,” पंजाबराव म्हणाले. इथवर ठीक होतं. पण इंग्रजी संपलं आणि उत्साह शिल्लक होता. “दिवसभर घरी रिकामीच तं रायते.”

वर्गात शेजारची मंजूही होती. पंजाबरावांना चप्पल सापडेपर्यंत ते वाक्य त्यांच्या घरी पोचलेलं होतं.

त्या संध्याकाळपासून अबोला सुरू झाला. या घराची एक रीत होती. जेवण तयार झालं की भागिरथाबाई ताटावर पळीनं दोनदा वाजवत, टण् टण्. कंडक्टरची डबल बेल, म्हणजे चला. लग्नानंतर ही गंमत पंजाबरावांनीच सुरू केली होती आणि लेक अनुप पुण्याला नोकरीला गेला तरी ती चालूच होती. आता एकच ठोका पडायला लागला. सिंगल बेल, गाडी थांबवा. जेवण रोजच्यासारखं गरम, ताट रोजच्यासारखं भरलेलं, पण शब्द एक नाही. तिसऱ्या दिवशी पंजाबरावांनी ठेच्याची तारीफ केली, तर भागिरथाबाईंनी उत्तर मांजरीला दिलं.

अशात रीता मॅडमनी घरचा अभ्यास दिला. घरच्या माणसाच्या मोकळ्या वेळावर पाच वाक्यं तयार करायची आणि रविवारी त्या माणसाला सोबत आणून त्याच्यादेखत म्हणायची. पंजाबरावांनी ठरवलं की ही पाच वाक्यं अशी म्हणायची की भागिरथा बोललीच पाहिजे. त्यासाठी तिचा मोकळा वेळ आधी सापडायला हवा होता. त्यांनी एक वही घेतली आणि ड्यूटीवरच्या चोखपणानं बायकोच्या मागं निघाले.

पाच दहा, अंगण. पाच चाळीस, पाणी भरणे. मग भाकरी, धुणं, तूर निवडणं, आजारी जावेला डबा, परत भांडी. दुपारी दोनपर्यंत वहीचं पान भरलं आणि पंजाबरावांचे गुडघे भरून आले. या रूटवर एकसुद्धा थांबा नव्हता.

चार वाजता भागिरथाबाई परसदारी गेल्या. पंजाबराव पाण्याच्या टाकीआड उभे राहिले. मंजू आली. दोघींनी मीठ लावून चिंच तोंडात टाकली, आणि मग भागिरथाबाईंनी सूप दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखं धरलं, मान ताठ केली आणि हुबेहूब पंजाबरावांच्या आवाजात म्हणाल्या, “ओ बाई, तवा ओव्हरहीट होऊन राह्यला. रेडिएटरमंदी पानी टाका.”

मंजू भिंतीला टेकली. पंजाबरावांना आधी राग आला. मग भागिरथाबाईंनी वळणावर सूप असं काही फिरवलं, की त्यांना रुमाल तोंडात कोंबावा लागला आणि ठसका लागला तो लागलाच. अकरा मिनिटांनी त्या कामाला लागल्या. पंजाबरावांनी वहीत वेळ टिपली.

रविवारी भागिरथाबाई आल्या, पण मागच्या सतरंजीवर, भिंतीकडे तोंड करून बसल्या. पंजाबराव उभे राहिले.

“माय वाइफ नो फ्री टाइम, आय चेक,” ते म्हणाले. “ओन्ली इलेव्हन मिनिट. इन इलेव्हन मिनिट शी लायक चिंच.” मग त्यांनी घसा खाकरला. “शी लायक माय नक्कल.”

मंजूनं मान खाली घातली. भागिरथाबाईंची मान मात्र भिंतीकडून थोडी वळली.

“काका, एक वाक्य राहिलं,” रीता मॅडम म्हणाल्या. “डोन्ट लाइकचं.”

पंजाबरावांनी वही पाहिली. तिथं काही नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि मागच्या सतरंजीकडे पाहिलं.

“माय वाइफ लायक,” ते म्हणाले. “आय नालायक.”

रीता मॅडमनी न सुधारताच पुढच्या माणसाला उभं केलं.

घरी आल्यावर भागिरथाबाई थेट आत गेल्या. पंजाबराव ओट्यावर बसून राहिले. आतून ठोका आला, टण्. ते मुकाट्यानं उठले. दारापर्यंत पोचले, तर दुसरा आला. टण्.

आत भागिरथाबाई भाकरीवर तेल सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अकरा नाई, नवच मिनिटं होते. दोन मिनिटं तं टाकीमागच्या तुमच्या खोकल्यातच गेले.”