खोटेनानांची टोपली

आमच्या पाचोऱ्यात खोटेनाना म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवायचं. आणि गंमत अशी, की त्यांच्याइतका खरा माणूस गावात शोधून सापडला नसता. आमच्या घराला लागून त्यांचं घर, कापडाचं दुकान पेठेत. नाव पडलं ते छंदापायी. नाना खोट्या नोटा जमवत.

हा कसला छंद म्हणाल, तर सांगते. कपाशी विकली की शेतकरी कापड घ्यायला येत, आणि त्याच दिवसांत बाजारात खोट्या नोटाही फिरत. गल्ल्यात अशी नोट आली की बाकीचे व्यापारी दिवेलागणीची वाट बघत, चार खऱ्यांच्या पोटात ती सरकवत आणि पुढच्याला देऊन मोकळे होत. समोरचे धान्यवाले दामूभाऊ तर याला हुशारीच म्हणत. नाना मात्र ती घरी आणून पत्र्याच्या पेटीत ठेवत. "माझ्यापर्यंत आली ना, आता पुढे जायची नाही," म्हणायचे. एखाद्या विधवेच्या पदरात पडली तर तिनं कोणाकडे जायचं, हा त्यांचा सवाल.

पण पेटीत टाकून विसरतील तर ते नाना कसले! दुपारी ओट्यावर बसून एकेक नोट उन्हात धरायची आणि मुलगी बघायला आल्यासारखी न्याहाळायची. मी शेजारची पोर, हटकून जाऊन बसायचे. तेव्हा नोटेवर इंग्रजांच्या राजाचं चित्र असायचं, आणि त्यातली एक नोट त्यांची फार लाडकी. "देख पोरी, कान कसा झकास काढेल शे. पन राजाले नाक दामूभाऊनं लागी गयं." समोर दामूभाऊ आपल्या नाकाची ही थट्टा ऐकतच असायचे. नोट बनवणाऱ्याचा नानांना कधी राग आला नाही. एवढा हात चालतो, तर याला कोणी देवळाची भिंत रंगवायला का बोलावलं नसेल, म्हणून उलट हळहळायचे. नानांची बायको, आमच्या काकू, त्या पेटीला सवत म्हणत आणि झाडताना मुद्दाम तिला केरसुणी मारत.

मग एके सकाळी दामूभाऊच धापा टाकत आले. नव्या फौजदाराचे कोणीतरी कान भरलेत, नोटा घरात सापडल्या तर सरळ तुरुंग, पेटी आत्ताच चुलीत घाला, म्हणाले. नाना चुलीपाशी गेले. कानवाली नोट काढली, बघितली, परत ठेवली. दुसरी काढली, तीही ठेवली. शेवटी दुकान उघडायची वेळ झाली म्हणाले आणि निघून गेले. जाळायला जीवच होईना त्यांचा.

दुपारी फौजदार त्यांना घेऊनच घरी आला. नानांनी स्वतःच्या हातानं पेटी उघडली, तर आत काही नाही. अंगणात काकू उखळात कांडत होत्या. आमच्याकडे रद्दी कागद मेथ्यांबरोबर भिजवून, कांडून, त्या लगद्याच्या टोपल्या करतात. फौजदारानं उखळात वाकून बघितलं. मेथ्या घातल्या की कीड लागत नाही, तुमच्या मंडळींनाही सांगा, असं काकूंनी त्याला समजावलं. चहा पिऊन तो गेला.

नाना उखळापाशी बसून राहिले. काकू मुसळ न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही जेलमा गयात, ते मी काय या नोटासले भाकर वाढू?"

नाना उखळात बघत म्हणाले, "तो कान तरी ठेवायचा होता."

काकू कांडतच राहिल्या. पण पालथ्या पातेल्यावर लगदा थापून ती टोपली वाळली, तेव्हा तिच्या बुडाशी नखाएवढा कागद चिकटलेला दिसला. राजाचा कान! कांडायच्या आधीच काकूंनी तो फाडून बाजूला ठेवला होता. नानांची भाकरी पुढे कायम त्याच टोपलीत. शेवटची भाकरी उचलली की ते आत डोकावत आणि काकूंकडे बघून हसत.

पुढच्या हंगामात पुन्हा एक खोटी नोट आली. नानांनी ती उन्हात धरली, मनासारखी न्याहाळली, "हात चांगला शे," म्हणाले आणि उठून स्वतःच काकूंच्या भिजवणाच्या मडक्यात सोडली. त्यानंतर आलेल्या सगळ्या तिथंच गेल्या. पुढे एकही गेली नाही.

नाना गेल्यावर काकूंनी ती टोपली मला दिली, मेहरूणला माझ्या सासरी. मी तिच्यात लसूण ठेवते. कान आता पुसट झालाय. कीड मात्र अजून लागली नाही.