अर्जुनाच्या वाट्याचं मटण

शिराळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या रंगूबाईची नवस बोलतानाच चूक झाली होती. एकुलता एक अर्जुना पलटणीबरोबर जपान्यांच्या हाती सापडल्याचं कळलं, तशी ती धावत जानाईच्या देवळात गेली आणि म्हणाली, "लढाई संपू दे, जत्रंला बोकड देते. त्यातला वाटा माजा अर्जुना खाईल." अर्जुना परत आला की देते, असं म्हणायला हवं होतं. पण घाबरलेल्या जिवाला तेवढं कुठलं सुचायला? लढाई संपली, अर्जुनाचा पत्ता नव्हता. माघातली जत्रा आली. देवीचं देणं पुढं ढकलायची छाती गावात कुणाचीच नव्हती. बोकड कापला, भावकी जेवली. अर्जुनाचा वाटा तेवढा मागं राहिला, आणि तो येईपर्यंत टिकवणं रंगूबाईवर आलं.

तिचा नवरा नाथाजी माळकरी. घरातल्या चुलीला मांस शिवायचं नाही, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून पाळत आली होती. उन्हात वाळवावं म्हणावं तर धुकं दुपारपर्यंत उठत नव्हतं. म्हणून तिनं परड्यात दगड मांडून वर तीन काठ्यांचं तिकाटणं उभं केलं, हळद-मीठ चोळलेल्या मटणाच्या पट्ट्या बांबूच्या कामट्यांना टांगल्या आणि खाली ओल्या लाकडांचा धूर धरला. जाळ झाला तर मांस करपतं, धूर मोडला तर दवानं नासतं. त्यामुळं उठायची सोय नव्हती. पाठ थंडीनं काकडायची, तोंड धुरानं पोळायचं. नाथाजी जांभळीच्या ओल्या फांद्या तोडून आणायचा, लांबच टाकायचा आणि निघून जायचा.

शेजारची बनुबाई कुडावरून डोकावली. "माळकऱ्याच्या दारात मटणाचा धूर. देवानं बघावं तरी कुणाकडं गं?"

"त्याला म्हणावं, बस डोळं चोळत," रंगूबाई म्हणाली आणि स्वतःचेच डोळे पुसले.

एका सकाळी आकाराम आला. गावातलाच, अर्जुनाबरोबर भरती झालेला, त्याच्याबरोबरच कैदेत पडलेला. लष्करी कोट खुंटीला अडकवावा तसा त्याच्या अंगावर लोंबत होता. रंगूबाईनं त्याच्या मागच्या वाटेकडं पाहिलं. वाट मोकळी होती.

"काकी, मी..."

"आदी बस. त्या कडंच्या पट्ट्या उलट्या कर. माजा हात पोचत न्हाई."

त्यानं केल्या. मग तिनं त्याला लाकडं मोडायला लावली, आईच्या खोकल्याचं विचारलं, मोटार कुठवर आली, वाटेत काही खाल्लं का, तेही विचारलं. एक सोडून सगळं विचारलं. बातमी कानावर पडली की सुतक पडणार, विस्तव विझवावा लागणार. तो बोलत नव्हता तोवर वर टांगलेल्या मटणाला धनी होता. आकारामनं ते ओळखलं. सांगून मोकळं व्हायचं असं वाटभर घोकत आलेला तो गडी गुमान कामट्या फिरवत बसला.

नाथाजी रानातून परतला. आकारामकडं एकदा बघून तो उंबऱ्यावर टेकला.

"कवा गेला?"

"लढाई संपायच्या आदीच," आकाराम खाली बघत म्हणाला. "तापानं. मी हुतो जवळ."

नाथाजी पाण्याची बादली आणायला उठला. तो परतायच्या आत रंगूबाईनं एक पट्टी ओढून काढली आणि आकारामच्या हातावर ठेवली.

"खा."

"काकी, ह्यो त्याचा वाटा हाय."

"त्याच्याजवळ तू हुतास न्हवं? खा."

आकारामनं ती तोंडात घातली. अजून नीट वाळली नव्हती, धुरानं कडवट झाली होती. तो चावत राहिला. नाथाजीनं विस्तवावर पाणी ओतलं, तसा राखेचा लोट उठून तिघांच्या अंगावर बसला.

उरलेलं मांस कुणीच उतरवलं नाही. रात्री त्यावर दव पडलं, दोन दिवसांत वास सुटला, आणि कावळ्यांनी ओढून खाली पाडलेलं कुत्र्यांनी नेलं. रंगूबाई उंबऱ्यात बसून बघत होती. कुत्र्यांना तिनं हाकललंही नाही.