नेनु, नुव्वु

मी अकरा वर्षं बेसबॉल खेळले, त्यातली दहा शॉर्टस्टॉपला. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथं चेंडू जमिनीलगत जोरात येतो. वाकून उचलायचा आणि पहिल्या बेसकडं फेकायचा. शाळेत संघ काढायचा ठरला तेव्हा सरांनी खो-खोच्याच पोरी उचलल्या. "यांना वाकायला शिकवावं लागत नाही," एवढंच त्यांचं कारण. पुढं जिल्ह्याच्या संघालाही तेच शिकवायला होते.

माझ्या शेजारी, सेकंड बेसला, विणकरांच्या घरातली एक मुलगी आली. तिच्या घरी तेलुगू. आम्ही अक्कलकोटकडचे, आमच्या घरी निम्मं कन्नड. पहिल्या बेसवरची खेळाडू दुसऱ्याकडं चोरून पळाली, की आमच्यातल्या एकीनं बेसवर जाऊन, बॅटवालीच्या मागच्या कॅचरनं फेकलेला चेंडू घ्यायचा. कोण जाणार हे आधीच ठरवावं लागतं, कारण जाणारीची जागा मोकळी पडते. त्यासाठी तिनं तेलुगू शब्द काढले. नेनु म्हणजे मी, नुव्वु म्हणजे तू.

चार वर्षं ते कुणाला कळलं नाही. मग राज्य स्पर्धेत तेलंगणाच्या सीमेकडचा एक संघ समोर आला. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढं, त्यांच्या दोघी पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर.

"नुव्वु," ती ओरडली.

पहिल्या बेसवरची पळाली, मी बेसकडं धावले, आणि बॅटवालीनं चेंडू मी आधी उभी होते बरोब्बर तिथून काढला. तो कुंपणापर्यंत गेला. दोघी पळत होमला पोचल्या, त्यांच्या दोन धावा झाल्या, सामना संपला.

हात मिळवताना ती बॅटवाली हसून म्हणाली, "अक्का, आमच्या घरी पण तेलुगूच बोलतात की."

परतीच्या गाडीनं आम्ही सोलापुरात आलो. सात रस्त्याला उतरल्यावर माझी जोडीदारीण म्हणाली, "माझ्यामुळं हरलो."

"मला तरी कुटं सुचलं? उद्यापास्नं कन्नड. दोनच शब्द हायत. नानु म्हणजे मी, नीनु म्हणजे तू."

"दोन्ही सारखेच ऐकू येतात की गं."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी सरावात आम्ही दोघीही बेसवर धावलो आणि एकमेकींवर आदळलो. तिचा ओठ फुटला. सर वैतागले. "आधी तोंड बंद ठेवा दोघी," म्हणाले, आणि त्यातूनच खूण निघाली. बॅटवालीला दिसू नये म्हणून ग्लोव्ह आड धरायचा; तोंड उघडं दिसलं तर तू, मिटलेलं दिसलं तर मी. पुढची तीन वर्षं आम्ही न बोलता खेळलो आणि एकाच वर्षी दोघींची राज्याच्या संघात निवड झाली.

मग ती लग्न होऊन भिवंडीला गेली. त्यानंतर तीन वर्षांत सेकंड बेसला चार जणी आल्या. खेळायच्या चांगल्या, पण मला प्रत्येकीचा राग यायचा. तो त्यांच्यावरचा नव्हता, हे फार उशिरा समजलं.

शेवटी खांद्यानं दगा दिला. फेकलेला चेंडू पहिल्या बेसच्या अलीकडंच टप्पा खाऊ लागला. सरांनी मला सेकंड बेसला हलवलं. तिथून फेक जवळची पडते. मी दोन दिवस मैदानावर गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

तिथं उभं राहिल्यावर कळलं, की शॉर्टस्टॉपकडून चेंडू घेताना पळणारी पाठीमागून येते, दिसतच नाही. पहिल्याच महिन्यात मी तीनदा आडवी झाले. मी भिवंडीला फोन लावला. "तू सात वर्षं हे कसं केलंस गं?"

"आत्ता कळलं व्हय?" ती म्हणाली. मग बराच वेळ गुडघ्यांच्या दुखण्यावरच बोलत होतो.

तो हंगाम पुरा करून मी थांबले. आता जुळे सोलापुरातल्या एका शाळेत खेळ शिकवते. मुली बहुतेक क्रिकेटच मागतात. यंदा बेसबॉलला अकराच जणी आल्यात, म्हणून सरावाला नऊ जणी मैदानात, एक बॅटवर आणि एक दुसऱ्या बेसकडं चोरून पळायला.