कीबोर्डमधले चौदा डाग

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम सहाशे रुपये. हजर तिघं: मी, बायको आणि कीबोर्ड विकणारे चाचा. चाचांनी लग्नाच्या बँडमध्ये बावीस वर्षं कीबोर्ड वाजवला. आता गुडघे वरातीबरोबर चालू देत नाहीत. एकसष्ट पट्ट्यांपैकी सात मुक्या होत्या, स्पीकर चांगला होता. कशाला घेताय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, की याचा आवाज बिघडवायचा आहे. चाचा म्हणाले, "सात पट्ट्या मी फुकटात बिघडवून दिल्यात. बाकीच्या तुमी बघा."

मोबाईलवर मी एक व्हिडिओ पाहिला होता. जुन्या कीबोर्डचा मागचा पत्रा काढायचा, आतल्या बोर्डावरच्या कुठल्याही दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडून बघायच्या आणि बनवणाऱ्याने कधी घातलाच नव्हता असा आवाज ऐकायचा. जागा पसंत पडली की तिथून कायमच्या वायरी काढून बटणाला जोडायच्या, म्हणजे तो आवाज हवा तेव्हा लावता येतो. एकच नियम कडक होता. कीबोर्ड फक्त सेलवर चालवायचा, भिंतीतल्या विजेवर कधीच नाही.

मला याची हौस होतीच, पण एवढ्यासाठी मी सहाशे रुपये घातले नसते. माझी बायको नागापूरच्या एका कारखान्यात सोळा वर्षं बोर्डांवर डाग द्यायची. डाग म्हणजे सोल्डरचा टाका. दिवसाला सहाशे-सातशे. तीन वर्षांपूर्वी तिचे बोर्ड जास्त परत यायला लागले. सुपरवायझर म्हणाले, हात पहिल्यासारखा राहिला नाही, आणि तिला पॅकिंगला बसवलं. पगार फार कमी झाला नाही. पण त्या दिवसापासून तिने सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती. मिक्सरची वायर तुटली तेव्हासुद्धा दुकानात पाठवली. आपला हात गेला, हे तिने मान्य करून टाकलं होतं. मला ते मान्य नव्हतं, पण माझ्याकडे पुरावा नव्हता.

त्या दुपारी मी गच्चीवर सतरंजी टाकून सतरा स्क्रू काढले, सहा मोठे सेल घातले आणि वायर फिरवायला सुरुवात केली. ती पलीकडे मेथी निवडत बसली होती. पहिल्या वीस-पंचवीस जागांना काहीच झालं नाही. मग बासरीच्या आवाजातून एकदम टिटवी ओरडली. तबला गिरणीचा पट्टा घसरावा तसा धडधडायला लागला. मी प्रत्येक जागेवर तिच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि वहीत नोंद केली. तिने मान वर केली नाही.

टिटवीची जागा मी स्वतःच पक्की करायला घेतली. चिपचे पाय मुंगीच्या पायांएवढे. माझ्या सोल्डरचा गोळा दोन शेजारच्या पायांवर पसरला, आणि योगायोगाने टिटवीपेक्षाही सुंदर आवाज लागला. लांबून येणाऱ्या सनईसारखा. मी चहा ठेवायला खाली गेलो. वर आलो तर सनई बंद.

"शॉट हुता, काढला," ती म्हणाली. गन तिच्या हातात होती, आणि माझा गोळा होता तिथे दोन पाय एकमेकांपासून सुटे, धुतल्यासारखे स्वच्छ.

दोन पाय चुकून जोडले जाण्याला कारखान्यात शॉट म्हणतात. सोळा वर्षं शॉट दिसला की काढायचा, हेच तिचं काम. मी म्हणालो, अगं, तोच तर हवा होता.

"मुद्दाम शॉट लावू? पगार कापत्यात त्याला."

पण लावला. गनचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं, श्वास धरला, बटणाकडून आलेल्या केसाएवढ्या वायरी दोन्ही पायांना टेकवल्या आणि टोक उचललं. सनई परत आली. तिने बटण चार वेळा चालू-बंद केलं. तिच्या हातून लाखो डाग गेले असतील, पण डाग दिल्यावर काय होतं हे तिने कधी ऐकलं नव्हतं. बोर्ड पुढच्या टेबलावर जायचे, तिथून गाडीत. त्या दिवशी तिने चहा गार होऊ दिला.

पुढचे दोन आठवडे काम तिचं, वही माझी. मला तिच्या कामाची रीत बघायला आवडायचं. सोल्डर वाया जात नव्हतं, वायर एकदाच कापली जायची, हाताची एकही हालचाल जास्तीची नव्हती. पण कामावरून आल्यावर खोलीत बसली की डाग चुकायचे. एका बुधवारी सलग दोन चुकले, तेव्हा तिने गन स्टँडवर ठेवली आणि म्हणाली, "बघा. साहेब खोटं बोलत न्हवते."

मी वही काढली. गच्चीवर दुपारच्या उन्हात चिपवर सात डाग, त्यातला एक चुकलेला. खोलीत ट्यूबच्या उजेडात नऊ डाग, त्यातले पाच चुकलेले. हात गेला असता तर दुपारीही गेला असता. शिवाय ट्यूबखाली ती बोर्ड हात लांब करून धरायची. मी आकडे वाचून दाखवले आणि म्हणालो, हात नाही, डोळे.

मला वाटलं होतं ती हसेल.

"म्हंजे तीन वर्षं मी उगाच खोकी चिकटवत बसले?"

तिने कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर डोळे तपासायला गेली. जवळचा नंबर दीड. चष्मेवाल्याने पाचशे आगाऊ घेतले आणि सांगितलं, दोन दिवस वापरा, सोसला तर बाकीचे द्या.

चष्मा शनिवारी मिळाला. त्या संध्याकाळी, ट्यूबखालीच, तिने उरलेले चार डाग दिले. एकही चुकला नाही. आता कीबोर्डावर सहा बटणं आहेत आणि आवाज जाड करणारी एक फिरकी. एकेकाच्या दोन वायरी, म्हणजे चिपवर चौदा डाग. मी भिंग घेऊन पाहिलं. सगळे सारख्या मापाचे, ज्वारीच्या कोवळ्या दाण्यासारखे चकचकीत.

सोमवारी ती सुपरवायझरकडे गेली आणि चाचणी मागितली. संध्याकाळी मी चष्मेवाल्याच्या दुकानाबाहेर थांबलो होतो. ती कारखान्याचा एप्रन न काढताच आली.

"पंचवीस दिले. पंचवीस पास. उद्यापासून जुन्या टेबलावर," ती म्हणाली, आणि मी पाकीट काढायच्या आत पर्स उघडून चष्मेवाल्याला उरलेले सहाशे पन्नास रुपये तिने स्वतः मोजून दिले.